कबरस्तानातील कॅमेरा : छंद, कला आणि जबाबदारी

छायाचित्रणाच्या छंदाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. किल्ले, पक्षी, घाटातला पाऊस, जत्रा, लग्नसमारंभ हे सगळे विषय छायाचित्रकारांनी हाताळले आणि समीक्षकांनी त्यांची दखलही घेतली. पण कबरस्तानाचे छायाचित्रण हा विषय काढला की माणसे दचकतात. आपल्या समाजात तर जास्तच. ‘तिथे फातिहा पढायला जायचे असते, फोटो काढायला नाही,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कबरस्तान ही आखिरतची आठवण करून देणारी जागा आहे आणि तिथे पाऊल टाकताना मन नरम व्हावे, हीच आपली शिकवण आहे.

तरीही कॅमेरा आणि कबर यांची ओळख फार जुनी आहे. छायाचित्रणाची कला जन्माला आली आणि चार-पाच वर्षांतच ती दफनभूमीत पोहोचली. तेव्हापासून आजपर्यंत हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या लोकांनी कबरींची असंख्य छायाचित्रे काढली. त्यांतली काही पाहताना मान आपोआप खाली जाते. काही नुसती सुंदर असतात. काहींची मात्र किळस येते. हा फरक कशामुळे पडतो? कबरीचे चांगले छायाचित्र कशाला म्हणावे? प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध उदाहरणे समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करायचा आहे. शेवटी आपल्या कबरस्तानांकडेही वळायचे आहे, कारण हा प्रश्न आपल्यासाठी केवळ कलेचा राहिलेला नाही.

सुरुवात स्कॉटलंडमधील एडिंबरोपासून करू. १८४३ साली तेथील चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकारी हस्तक्षेप मान्य नसलेले शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी आपले स्वतंत्र चर्च स्थापन केले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने या प्रसंगाचे भव्य तैलचित्र काढायचे ठरवले. साडेचारशेहून अधिक चेहरे त्या चित्रात यायचे होते. इतक्या लोकांना समोर बसवून रेखाटने करणार केव्हा? तेव्हा सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्याला छायाचित्रांची मदत घेण्याचा सल्ला दिला आणि रॉबर्ट ॲडमसन या तरुणाशी गाठ घालून दिली. तैलचित्र पूर्ण व्हायला १८६६ साल उजाडले आणि आज ते फारसे कोणी पाहत नाही. पण या जोडीने चार-साडेचार वर्षांत काढलेली सुमारे तीन हजार छायाचित्रे जगातील पहिल्या श्रेष्ठ छायाचित्रांत गणली जातात. ॲडमसन १८४८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारला.

या जोडीची बरीच छायाचित्रे एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत घेतलेली आहेत. तिथे जाण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी कागदी निगेटिव्हवर चित्र उमटायला भरपूर सूर्यप्रकाश लागे आणि समोरच्या माणसाला बराच वेळ हलता येत नसे. दफनभूमीत ऊन होते, शांतता होती, टेकायला दगड होते. पण परिणाम पाहा. उंच नक्षीदार थडग्यांच्या पायाशी माणसे बसली आहेत, कोणी गप्पा मारत आहे, कोणी विचारात आहे. काही चित्रांत हिल स्वतः वही घेऊन रेखाटन करताना दिसतो. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने १९३१ साली छायाचित्रणावर लिहिलेल्या निबंधात या चित्रांचा आवर्जून उल्लेख केला. ही माणसे तिथे जणू घरात बसावीत तशी बसली आहेत, असे त्याचे निरीक्षण होते. ते खरे आहे. या दफनभूमीला लागून असलेल्या चर्चमध्ये १६३८ साली स्कॉटिश लोकांनी धर्मस्वातंत्र्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या. म्हणजे ती जागा त्यांच्या पूर्वजांची होती, तिच्यावर त्यांचा हक्क होता. म्हणून तिथे बसताना त्यांना परकेपणा वाटला नाही. जिवंत आणि मृत यांच्यात एक साधे, रोजचे नाते असते, ते या चित्रांत दिसते. कबरीच्या छायाचित्राचा हा पहिला गुण म्हणता येईल.

येथे छंदाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. आरंभीच्या छायाचित्रकारांत पोटासाठी हे काम करणारे होते, तसेच हौशीही पुष्कळ होते. डॉक्टर, लष्करी अधिकारी, बँकेतले कारकून फावल्या वेळात कॅमेरा घेऊन फिरत. आपल्या मुंबईत १८५४ सालीच ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामवंत छायाचित्रकार. म्हणजे हा छंद आपल्या भूमीत पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांचे रीळ भरलेला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विकायला काढला आणि सामान्य माणसाच्या हाती छायाचित्रण आले. आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. साधन स्वस्त झाले म्हणून नजर आपोआप येत नाही, हे खरे. पण हौशी माणसाजवळ एक गोष्ट असते, जी व्यावसायिकाजवळ क्वचितच असते. ती म्हणजे वेळ. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. त्याला संपादकाची घाई नसते, गिऱ्हाइकाचा तगादा नसतो. पुढील उदाहरणे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

असाच एक हौशी माणूस म्हणजे आग्र्याचे डॉक्टर जॉन मरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील या डॉक्टरने १८५० च्या दशकात मोठमोठ्या कागदी निगेटिव्हवर ताजमहालाची छायाचित्रे घेतली. ती आजही पाहत राहावीत अशी आहेत. पण एक गंमत पाहा. जगात सर्वांत जास्त छायाचित्रे ज्या कबरीची निघाली असतील त्या कबरीची आठवण ती छायाचित्रे पाहताना होत नाही. समोरून घेतलेला, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळणारा ताज आपण पाहतो. आत मुमताजची कबर बरोबर मध्यभागी आहे आणि १६६६ साली शाहजहान वारल्यावर त्याची कबर तिच्या शेजारी एका बाजूला आली. त्या सबंध काटेकोर इमारतीत तेवढीच एक गोष्ट जुळणीबाहेरची आहे. शिवाय वर दिसणारी थडगी नावापुरती. खऱ्या कबरी खाली तळघरात, मातीत. बाहेरून घेतलेल्या हजारो सुबक चित्रांना हे कळत नाही. इमारत कॅमेऱ्याला खूश करते आणि माणूस हरवतो.

हाच फरक आपल्याकडे औरंगाबाद-खुल्दाबादच्या वाटेवर दिसतो. (या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे.) बीबी का मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या राज्यातील वास्तूंची छायाचित्रे घेतली तेव्हापासून मकबऱ्याची चित्रे निघत आली आहेत. तिथून काही कोसांवर खुल्दाबादला जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात खुद्द औरंगजेबाची कबर आहे : उघडी, मातीची, वर सब्जाचे रोप. भोवतालची संगमरवरी जाळी पुढे लॉर्ड कर्झनच्या सूचनेनंतर निजामाकडून बसवली गेली. औरंगजेबाविषयी कोणाचे काय मत आहे हा येथे विषय नाही. विषय आहे कॅमेऱ्याचा. मकबऱ्यासमोर कोणीही उभे राहून चांगला फोटो काढू शकतो, कारण मेहनत कारागिरांनी आधीच केली आहे. मातीच्या कबरीसमोर मात्र छायाचित्रकाराची परीक्षा असते. तिथे त्याला स्वतःची नजर लावावी लागते.

आता एक कटू उदाहरण. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्या सैनिकांना ठार केले. त्यानंतर काही महिन्यांनी, १८५८ साली, फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तिथे आला. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात मोडकी इमारत आहे, समोर चार-सहा माणसे आहेत, एक घोडा आहे आणि अंगणभर मानवी हाडे विखुरलेली आहेत. प्रेते आधी झाकून टाकली होती, पण छायाचित्रकाराने आग्रह धरून ती उघडी करवली, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ज्यांना कफन मिळाले नाही, ज्यांच्या जनाजाची नमाज झाली नाही, त्यांना चित्रासाठी पुन्हा मांडण्यात आले.

तंत्राच्या दृष्टीने हे छायाचित्र उत्तम आहे. इतिहासाचा पुरावा म्हणूनही त्याला मोल आहे, कारण इंग्रजांच्या सूडाचे दर्शन त्याच्याइतके स्पष्ट दुसरीकडे होत नाही. पण चांगले छायाचित्र म्हणून मला ते मान्य करता येत नाही. त्यात एकाही मृताला नाव नाही. ते घेणारा मृतांच्या बाजूने उभा नाही, जिंकणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. मय्यतीची हुरमत म्हणजे तिचा आदर राखणे, हा आपल्याकडचा साधा नियम. तो मोडून मिळवलेले चित्र कितीही नावाजले गेले तरी त्याच्यावर तो डाग राहतोच.

याच्या अगदी उलट टोकाला पहिल्या महायुद्धातील कबरींची छायाचित्रे आहेत. १९१५ पासून फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने फ्रान्समधील ब्रिटिश फौजेच्या कबरींची नोंद सुरू झाली. या कामातूनच १९१७ साली वॉर ग्रेव्हज कमिशन उभे राहिले. मृत सैनिकाच्या घरच्यांनी मागणी केली की त्यांना कबरीचा फोटो पाठवला जाई आणि ती जागा कुठे आहे, तिथे कसे पोहोचावे हेही कळवले जाई. या छायाचित्रांत कला म्हणावी असे काहीच नाही. एक लाकडी खूण, तिच्यावर नाव, आजूबाजूला चिखल. फोटो काढणाऱ्याने आपली हुशारी कुठेही दाखवलेली नाही. पण ज्या आईला मुलाच्या कबरीपर्यंत कधीच जाता येणार नव्हते तिच्यासाठी त्या कागदाचे मोल काय असेल? नाव वाचता येते, जागा कळते, मातीचा उंचवटा दिसतो. एवढ्यावर ते चित्र आपले काम चोख करते. कबरीच्या छायाचित्राचा दुसरा गुण हा : त्याने नाव आणि ठिकाण सांभाळले पाहिजे.

मग हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनांत कबरस्तानाची जी चित्रे दिसतात त्यांचे काय? त्यांतली बहुतेक एकाच साच्यातली असतात. काळे-पांढरे चित्र, धुके, निष्पर्ण झाड, थडग्यावर कावळा. खाली शीर्षक : ‘एकांत’ किंवा ‘अखेरचा मुक्काम’. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो. गजलेत शम-ए-मजार, उजाड कबर, विझता चिराग या प्रतिमा शतकानुशतके वापरल्या गेल्या. थोर शायरांनी त्यांत जीव ओतला. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो शायरांनी त्याच प्रतिमा उसन्या घेतल्या आणि त्या पार झिजवून टाकल्या. ज्या शायराने स्वतः कधी कबरीवर दिवा लावला नाही त्याच्या शेरातला चिराग उजेड देत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. धुके आणि कावळा हा छायाचित्रातला उसना काफिया आहे. ते चित्र कोणत्या कबरस्तानाचे, कोणाच्या कबरीचे, हे विचारले तर काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या आप्ताची कबर आपल्या उदासीसाठी वापरायची आणि त्याचे नावही वाचायचे नाही, हा व्यवहार काही बरा नाही.

अशा वेळी दयानिता सिंग यांच्या कामाकडे पाहावेसे वाटते. १९८९ साली लंडनच्या ‘द टाइम्स’साठी त्या दिल्लीतील तृतीयपंथीयांचे फोटो काढायला गेल्या. तिथे त्यांना मोना अहमद भेटली. फोटो काढून झाले आणि ते लंडनमध्ये छापले जाणार हे मोनाला कळले. लंडनमध्ये तिचे नातेवाईक होते. तिने फोटोंचे रीळ परत मागितले आणि दयानिता सिंग यांनी ते देऊन टाकले. हातचे काम गेले, पण विश्वास जडला. पुढे त्या वर्षानुवर्षे मोनाकडे जात राहिल्या. मोनाने आयेशा नावाची मुलगी दत्तक घेतली होती, तिचे वाढदिवस थाटाने केले होते. ती मुलगी दुरावली, बिरादरीशी नाते तुटले आणि मोना जुन्या दिल्लीतील कबरस्तानात राहायला गेली, जिथे तिचे पूर्वज दफन आहेत. ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक २००१ साली निघाले. त्यात छायाचित्रांसोबत मोनाने प्रकाशकाला लिहिलेली पत्रे आहेत. म्हणजे चित्रे छायाचित्रकाराची, पण बोलणे मोनाचे. २०१७ साली मोना वारली, तोवर ही मैत्री टिकली.

या पुस्तकातले कबरस्तान भयाण नाही आणि काव्यमयही नाही. ते एका एकट्या पडलेल्या माणसाचे घर आहे. तिथे पाहुणे येतात, जनावरे पाळली जातात, भांडणे होतात, आशा-निराशा असते. आजूबाजूला कबरी आहेत, जशा कोणाच्या घराभोवती झाडे असतात. दयानिता सिंग व्यावसायिक छायाचित्रकार आहेत, पण या कामात त्यांनी हौशी माणसाचा गुण दाखवला : त्या परत परत गेल्या. रीळ परत देण्याचा तो प्रसंग मला सबंध पुस्तकाचा पाया वाटतो. समोरच्याचा नकार ज्याला ऐकू येतो त्यालाच पुढे खरे काही दिसते. कबरीच्या छायाचित्राचा तिसरा गुण हाच म्हणावा लागेल. मृतांना नकार देता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने तो आपणच ऐकायचा असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या कबरस्तानांत छायाचित्र घेण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. नक्षीदार पुतळे नाहीत, संगमरवरी परी नाही. बहुतेक कबरी कच्च्या. मातीचा उंचवटा, पायथ्याशी-उशाशी एखादा दगड, कुठे लोखंडी पाटीवर रंगाने लिहिलेले नाव. कबर पक्की करण्यास मनाई करणारी हदीस सर्वांना माहीत आहे. दोन-तीन पावसाळ्यांत उंचवटा बसतो, गवत वाढते. काही वर्षांनी त्याच जागी दुसरी मय्यत येते. शहरांत जमीन कमी आणि माणसे जास्त, त्यामुळे हे चक्र वेगाने फिरते.

मुंबईत जुहूच्या कबरस्तानातील घटना वाचकांना आठवत असेल. मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी, तलत महमूद, नौशाद अशा नामवंतांच्या कबरी तिथे होत्या. नव्या मय्यतींना जागा नसल्याने त्या काढून टाकण्यात आल्या, हे २०१० साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. व्यवस्थापनाचा मुद्दा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रफीसाहेबांची कबर आणि एखाद्या गरीब मजुराची कबर यांत शरीयत फरक करीत नाही, आणि आज वारलेल्याला जमीन हवीच. पण आता तिथे फुले घेऊन जाणारा चाहता जवळच्या झाडावरून जागेचा अंदाज बांधतो. मधुबालाच्या संगमरवरी कबरीचे जे काही फोटो पूर्वी कोणी सहज काढून ठेवले, तेच आता तिची खूण आहेत. ते काढणाऱ्यांना तेव्हा कल्पनाही नसेल की आपण इतिहास सांभाळतो आहोत.

दुसरी घटना जागेच्या टंचाईची नव्हती. वली दखनी म्हणजे उर्दू गजलेचा एक आदिपुरुष. जन्म औरंगाबादचा, मृत्यू अहमदाबादेत, १७०७ च्या सुमारास. ‘वली औरंगाबादी’ आणि ‘वली गुजराती’ अशी दोन्ही नावे त्याला आहेत, दोन्ही प्रदेश त्याला आपला मानतात. अहमदाबादच्या शाहीबाग भागातील त्याची मजार २००२ च्या दंगलीत जमीनदोस्त करण्यात आली आणि त्या जागेवरून डांबरी रस्ता गेला. आम्ही वर्गात वलीची गजल शिकवतो तेव्हा मुले विचारतात, ‘सर, त्याची कबर कुठे आहे?’ उत्तर देणे कठीण जाते. उरले आहेत ते जुने फोटो. मीर तकी मीर १८१० साली लखनौत वारला. त्याची कबर पुढे रेल्वेच्या रुळांखाली गेली असे मानले जाते. तेव्हा कॅमेरा जन्माला यायचा होता, म्हणून मीरचे काहीच उरले नाही. गालिब नशीबवान. अखेरच्या काळात त्याचा फोटो निघाला आणि निजामुद्दीनमधील त्याच्या कबरीवर १९५० च्या दशकात संगमरवरी वास्तू उभी राहिली. मीर, वली आणि गालिब या तिघांच्या कबरींची कथा एकापुढे एक ठेवली की छायाचित्राचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे धर्माच्या अंगाने एक शंका निघेल. तसवीर जायज आहे काय? सजीवांच्या तसविरीबाबत उलेमांत मतभेद आहेत, ते सोडवणे माझ्यासारख्या शिक्षकाचे काम नाही. पण झाड, दगड, भिंत, इमारत, म्हणजे ज्यात रूह नाही त्याच्या चित्राला कडक मताच्या उलेमांचीही हरकत नसते. त्या हिशेबाने पाहिले तर लग्नाच्या फोटोपेक्षा कबरीचा फोटो कमी वादाचा ठरतो! लग्नात तीन-तीन कॅमेरे लावणाऱ्या आपल्या समाजाने यावर जरूर विचार करावा. दुसरी शंका अशी की, फोटोमुळे कबरपूजा वाढेल काय? मला उलटे वाटते. आठवण ठेवण्यासाठी माणूस कबर पक्की करतो, लाद्या बसवतो, कठडा घालतो. नाव, तारीख आणि जागा दाखवणारा एक फोटो घरात असेल तर त्या बांधकामाची गरजच कमी होईल. माती साधी राहील आणि आठवणही राहील.

आता या छंदाच्या आनंदाविषयी. आनंद हा शब्द कबरस्तानाच्या संदर्भात खटकेल, पण तो मी जाणूनबुजून वापरतो आहे. तो आनंद हसण्या-खिदळण्याचा नाही, लक्ष देऊन पाहण्याचा आहे. जुन्या कबरस्तानात उर्दू-फारसी कतबे असतात, म्हणजे दगडात कोरलेले मजकूर. भर दुपारी त्यांचा फोटो काढला तर दगड सपाट दिसतो, अक्षर लागत नाही. सकाळी किंवा असरनंतर सूर्य खाली असतो. तिरपा उजेड कोरीव अक्षरांच्या कडांवरून जातो, खोलगट भागात सावली भरते आणि तासाभरापूर्वी न दिसलेली ओळ डोळ्यांसमोर उभी राहते. दगड सावलीत असेल तर हातातल्या आरशाने उजेड तिरपा पाडता येतो. एखादे ‘नून’ नक्की नून आहे की ‘बे’, हे नुक्त्यावरून ठरवताना जो वेळ जातो, तो कसा गेला हे कळत नाही. खडू फासणे, तारेच्या ब्रशने घासणे हे प्रकार मात्र करू नयेत. त्याने दगड झिजतो आणि पुढच्या वाचणाऱ्याचे नुकसान होते.

कधी कतब्यावर तारीख आकड्यांत नसते, एखाद्या वाक्यात दडवलेली असते. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत आहे : अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, अशी ती थेट गैनपर्यंत, म्हणजे हजारापर्यंत जाते. शायर असा मिसरा रचतो की त्यातील अक्षरांची बेरीज केली की मृत्यूचे हिजरी साल निघावे. अशा कतब्याचा फोटो मोठ्या कागदावर छापून मुलांपुढे ठेवला तर लिपी, गणित आणि इतिहास यांचा तास एकदमच होतो. हिजरी साल इसवी सालापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. मग तेराशे हिजरी म्हणजे इसवी किती? १८८२-८३. म्हणजे टिळक-आगरकरांचा काळ. मुलांचे डोळे चमकतात. आपल्या गावचा, आपल्या मोहल्ल्यातला एक माणूस त्या काळात जगत होता आणि कोणी शायर त्याच्यासाठी मिसरा रचत होता, हे त्यांना पुस्तकातून कळले नसते.

ऋतूंप्रमाणे कबरस्तान बदलते, तेही पाहण्यासारखे असते. पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते आणि सगळ्या कबरी एक होतात. शब-ए-बरातच्या आधी साफसफाई होते, वाटा पुन्हा दिसू लागतात. उन्हाळ्यात जमीन तडकते. एकाच जागी उभे राहून वर्षभर दर महिन्याला एक फोटो काढला तर ती बारा चित्रे कोणत्याही धुक्या-कावळ्याच्या चित्रापेक्षा जास्त सांगतील. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. परत जाण्याची सवय लागते.

अर्थात काही पथ्ये पाळावीच लागतात. कबरस्तानाच्या कमिटीला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. कबरींवर पाय देऊ नये, चांगल्या कोनासाठीही नाही. दफनविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवून मूठभर माती द्यायला पुढे व्हावे. रडणाऱ्या माणसाचा फोटो घेऊ नये. ताज्या कबरीचा फोटो घरच्यांना विचारूनच घ्यावा. आणि गोरकनशी बोलावे. कोणत्या कोपऱ्यात कोणते घराणे आहे, पुरात कोणता भाग वाहून गेला, साथीच्या वर्षी कोणत्या रांगा भरल्या, हे त्याच्या डोक्यात असते. त्याच्या आठवणी कोणी लिहून घेत नाही. तो गेला की ते सारे ज्ञान त्याच्याबरोबर मातीत जाते.

प्रत्येक फोटोमागे नाव, तारीख, जागा आणि फोटो काढल्याचा दिवस लिहावा, हे सर्वांत महत्त्वाचे. मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठतात आणि वर्षभरात कोणते कुठले ते समजत नाही. एक साधी वही, गावच्या कबरस्तानाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर क्रमांक आणि त्या क्रमांकांचे फोटो. एवढे काम दोन-चार हौशी तरुण एका हिवाळ्यात सहज करू शकतात. त्याची एक प्रत कमिटीकडे, एक शाळेत ठेवावी. वारसाहक्काच्या, वक्फ जमिनीच्या तंट्यात अशी नोंद केव्हा उपयोगी पडेल सांगता येत नाही. ‘इथे कबरस्तान नव्हतेच’ असे कोणी म्हणाले तर दाखवायला आपल्या हातात काहीतरी हवे.

कबरीचे चांगले छायाचित्र कशाला म्हणावे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ज्यात जिवंतांचे मृतांशी असलेले नाते दिसते, ज्यात नाव आणि ठिकाण हरवत नाही आणि जे घेताना कोणाची हुरमत मोडली गेली नाही, ते चांगले. एडिंबरोच्या त्या दोघांजवळ पहिला गुण होता, महायुद्धातील अनाम छायाचित्रकारांजवळ दुसरा, दयानिता सिंग यांच्याजवळ तिसरा. बिआतोकडे तंत्र होते, पण या तिन्हींपैकी एकही गुण नव्हता. आपल्यासारख्या हौशी माणसाला तिन्ही साधता येतील, कारण ती कबरस्ताने आपल्याच लोकांची आहेत आणि तिथे परत जाण्यापासून आपल्याला कोणी अडवत नाही.

आपली कबर फार काळ टिकत नाही आणि ती टिकावी असा आपला आग्रहही नाही. जमीन पुढच्या मय्यतीला द्यावी, हे योग्यच. पण त्या जमिनीत कोण होते, हे लिहून ठेवायला मनाई नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याने आपल्या आजोबा-आजीच्या कबरीपासून सुरुवात करावी. आधी फातिहा पढावा, मग फोटो काढावा आणि घरी येऊन त्याखाली नाव लिहावे.